डिस्प्लेसाठी वाढवलेला वेग आणि शीतकक्षाचे खोटे इशारे

पार्श्वभूमी

पुण्यातील एक लहान कंपनी औषधांच्या घाऊक वितरकांसाठी तापमान नोंदवणारे उपकरण बनवते. लस, इन्सुलिन यांसारखी जी औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात, त्यांच्या शीतकक्षाच्या बाहेरच्या भिंतीवर हे उपकरण बसते. दोन मीटरची चार तारांची केबल दाराच्या चौकटीतून आत जाते आणि तिच्या टोकाला तापमानाचा सेन्सर असतो. तापमान २ अंशांखाली किंवा ८ अंशांवर गेले की भोंगा वाजतो आणि व्यवस्थापकाच्या फोनवर संदेश जातो. ज्या प्रकरणाची हकिगत येथे मांडली आहे, त्यात मला बाहेरून बोलावण्यात आले होते. ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर व डिस्प्लेशी बोलणारा सॉफ्टवेअरचा भाग, तपासून द्यायचा, एवढेच माझे काम ठरले होते. कंपनीचे, वितरकांचे व सुट्या भागांच्या उत्पादकांचे नाव येथे दिलेले नाही.

उपकरणात लिनक्सवर चालणारा एक प्रोसेसर आहे. सेन्सर, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा छोटा डिस्प्ले, वेळ सांभाळणारी चिप आणि एक ईईप्रॉम (वीज गेली तरी माहिती जपणारी चिप) हे चौघेही एकाच आय-टू-सी बसवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या सामायिक तारांवर, बसवलेले होते. ही बस फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणली. तिच्यात दोनच तारा असतात, घड्याळाची एससीएल आणि डेटाची एसडीए. त्या दोन्ही तारांना खाली खेचण्याचे काम चिपा करतात, पण वर नेण्याचे काम कोणीही करत नाही. तार मोकळी सोडली की पुल-अप रेझिस्टर तिला हळूहळू वर ओढतो. डेटाची तार वर असली तर बिट एक, खाली असली तर शून्य. येथे हे रेझिस्टर ४.७ किलोओहमचे होते आणि पुरवठा ३.३ व्होल्टचा. बसचा मूळ वेग १०० किलोहर्ट्झ. ४०० किलोहर्ट्झचा फास्ट मोड मानकात १९९२ मध्ये आला.

पहिल्या आवृत्तीत बस १०० किलोहर्ट्झवर चालत होती आणि वर्षभर कोणाचीही तक्रार नव्हती, फक्त डिस्प्ले मंद वाटत असे. पूर्ण पडद्याचा डेटा १०२४ बाइटचा असतो, प्रत्येक बाइटला पोचपावतीसह घड्याळाचे नऊ ठोके लागतात, म्हणजे एका चित्राला ९२१६ ठोके आणि १०० किलोहर्ट्झवर साधारण ९२ मिलिसेकंद. मेनू वर-खाली करताना हा विलंब डोळ्यांना जाणवतो. विक्री विभागाने तो दोनदा बोलून दाखवल्यावर एका तरुण अभियंत्याने डिव्हाइस ट्रीमधील (लिनक्सला हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलमधील) क्लॉक-फ्रिक्वेन्सी या गुणधर्माची किंमत १००००० वरून ४००००० केली. चित्र २३ मिलिसेकंदांत उमटू लागले आणि बदलाच्या नोंदीत एकच ओळ राहिली : ‘डिस्प्ले फास्ट केला.’

या ओळीतच गफलत आहे. एसपीआय या दुसऱ्या प्रकारच्या बसमध्ये प्रत्येक उपकरणाची कमाल गती वेगळी लिहिता येते आणि त्या त्या उपकरणाशी बोलताना ती लागू होते. लिनक्सच्या आय-टू-सी रचनेत मात्र वेग हा बसच्या नियंत्रकाचा गुणधर्म असतो. नियंत्रकाचा ड्रायव्हर सुरू होताना तो एकदा वाचतो, आणि सेन्सरच्या ड्रायव्हरला त्याबद्दल कोणी विचारतही नाही. डिस्प्लेसाठी बदललेला आकडा त्यामुळे न बोलता शीतकक्षातील दोन मीटरच्या केबललाही लागू झाला.

दुसरा बदल, जो सुधारणा म्हणून केला गेला

त्या अभियंत्याने निष्काळजीपणा केला, असे मात्र म्हणता येणार नाही. वेग वाढवल्यावर त्याने ऑसिलोस्कोप लावून घड्याळाची तार पाहिली आणि तिची चढती कड तिरकी दिसत असल्याचे त्याच्या लक्षात आले. आय-टू-सीच्या मानकात असे म्हटले आहे की बसवर एकच मास्टर (घड्याळ चालवणारा, येथे प्रोसेसर) असेल आणि कोणतेही उपकरण घड्याळ रोखून धरत नसेल, तर मास्टरने एससीएल तार ओपन-ड्रेन (फक्त खाली खेचणारी) न ठेवता पुश-पुल पद्धतीने चालवली तरी चालते, म्हणजे ती स्वतः वरही ढकलावी. येथे दोन्ही अटी पूर्ण होत होत्या. त्याने पिनच्या मांडणीत तेवढा एक बिट बदलला, स्कोपवर घड्याळ काटकोनी दिसू लागले, वरिष्ठांना ते चित्र दाखवले गेले आणि सर्वांनी मान डोलावली. एसडीए तारेवर स्कोप कोणीच लावला नाही.

तक्रार

नवी आवृत्ती सुमारे चाळीस ठिकाणी गेली आणि काही आठवड्यांत खोटे इशारे सुरू झाले. शीतकक्षातील काचेचा थर्मामीटर ४.५ अंश दाखवत असताना उपकरण मध्येच ०.५ दाखवी, भोंगा वाजे, आणि पुढच्या नोंदीला पुन्हा ४.५. असे दिवसातून कधी दोनदा, कधी दहादा.

एका वितरकाच्या गोदामातील मंडळींनी यावर स्वतःच तोडगा काढला. उपकरण ‘फार थंड’ म्हणते ना, मग त्यांनी शीतकक्षाचा थर्मोस्टॅट ४ वरून ६ अंशांवर नेला. इशारे खरोखरच बंद झाले! साहजिकच त्यांची खात्री पटली की कक्ष आधी जास्त थंड होत होता आणि उपकरण बरोबर सांगत होते. दुपारी माल भरताना दार उघडे राहिले की त्या कक्षाचे तापमान आता ८ च्या अगदी जवळ जात होते. ६ अंशांवर इशारे का थांबले, याचे कारण पुढे येते. त्या वेळी मात्र या ‘उपाया’मुळे कंपनीतही गैरसमज पक्का झाला की दोष शीतकक्षांतच आहे.

पहिला तपास आणि चुकलेली दिशा

कंपनीने आधी सेन्सर बदलून पाहिले. काही ठिकाणी फरक पडला नाही, काही ठिकाणी पडल्यासारखा वाटला. मग कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी तपासल्या. बसवर बिघाड असेल तर पोचपावती न मिळाल्याच्या किंवा वेळ संपल्याच्या चुका तेथे दिसायला हव्यात, अशी सर्वांची अपेक्षा होती, आणि नोंदी तर धुतल्यासारख्या स्वच्छ होत्या. त्यावरून बस निर्दोष असल्याचा निष्कर्ष काढला गेला.

पुढचा निर्णय सॉफ्टवेअरचा होता. काही मिलिसेकंदांच्या अंतराने तीन वाचने घ्यायची आणि मधली किंमत धरायची, असा गाळणा घालण्यात आला. इशारे कमी झाले, थांबले नाहीत. मला बोलावले गेले ते या टप्प्यावर, आणि खरे सांगायचे तर पहिले दोन दिवस मीही ड्रायव्हरमधील बाइटांचा क्रम व चिन्हविस्तार (ऋण आकडे वाचण्याची रीत) यांतच चूक शोधत बसलो. कंपनीतल्या टेबलावर उपकरण एकदाही चुकत नव्हते. तेथील केबल तीस सेंटिमीटरची होती, हे मला दिसत होते, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

प्रोब लावला तेव्हा

तिसऱ्या दिवशी मी प्रशिक्षणार्थी मुलीला ऑसिलोस्कोपचा प्रोब लावून एसडीए तारेचे चित्र घेण्यास सांगितले. थोड्या वेळाने ती म्हणाली, “सर, प्रोब लावला की रीडिंग चुकतंय, काढला की बरोबर येतंय. माझा प्रोब खराब आहे का?”

प्रोब खराब नव्हता. त्याच्यावरची सरकती कळ एक-पटीच्या जागी होती. दहा-पटीच्या जागी असलेला प्रोब तारेवर दहा-पंधरा पिकोफॅरड कपॅसिटन्सचाच भार टाकतो; हा भार जितका जास्त, तितका तारेला वर चढायला उशीर. एक-पटीच्या जागी तोच भार शंभर पिकोफॅरडच्या आसपास जातो. टेबलावरच्या तीस सेंटिमीटरच्या तारेला त्या कळीने, विजेच्या भाषेत, दोन मीटरची केबल बनवले होते. तोच प्रोब एससीएलवर लावला तर काहीच होत नव्हते, एसडीएवर लावला की सेन्सर पुन्हा ०.५ म्हणे. जो दोष आम्हाला टेबलावर हवा होता, तो असा हाती आला.

आकडेमोड

बोर्ड आणि चिपा मिळून तारेवरचा कपॅसिटन्स सुमारे ६० पिकोफॅरड भरला, आणि केबल मीटरला सुमारे ६० पिकोफॅरडची. म्हणजे टेबलावर ७८, प्रत्यक्ष जागी १८०. तार पुरवठ्याच्या ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर चढण्यास लागणारा वेळ म्हणजे रेझिस्टर गुणिले कपॅसिटन्स गुणिले ०.८४७३. टेबलावर तो ३११ नॅनोसेकंद येतो आणि प्रत्यक्ष जागी ७१७. मानकाची मर्यादा १०० किलोहर्ट्झला १००० नॅनोसेकंद आहे, ४०० किलोहर्ट्झला ३००. जुनी आवृत्ती नियमात होती. नवी आवृत्ती टेबलावरसुद्धा नियमाबाहेर होती, फक्त चालत होती.

नियमाबाहेर जाऊनही एरवी बरेच दिवस निभावून जाते. येथे ते का निभावले नाही, याचे उत्तर त्या पुश-पुल बिटात आहे. दोन्ही तारा सारख्याच आळशी असतात तेव्हा घड्याळही उशिरा वर येते, आणि डेटाला वर चढायला तेवढीच जास्तीची मुदत आपोआप मिळते. एससीएल ताठ केल्यावर ती मुदत गेली. ४०० किलोहर्ट्झला घड्याळाचा एक फेरा २.५ मायक्रोसेकंदांचा, आमच्या नियंत्रकात तो निम्मा-निम्मा वाटला जात असल्याने खालचा काळ, म्हणजे घड्याळ खाली असण्याचा वेळ, १.२५ उरत होता. घड्याळ खाली आल्यावर सेन्सर आपला बिट तारेवर ठेवण्यास सुमारे ०.५ मायक्रोसेकंद घेत होता, आणि मानक तर ०.९ पर्यंत मुभा देते. त्यानंतर शून्यापासून ७० टक्क्यांपर्यंत चढण्यास १८० पिकोफॅरडवर १.०२ मायक्रोसेकंद लागतात. बेरीज १.५२, हातात १.२५. प्रत्यक्षात प्रोसेसर ७० टक्क्यांच्या थोडे आधीच एक ओळखतो, म्हणून बहुतेक वाचने काठावर वाचत होती आणि काहींचा बळी जात होता. टेबलावर हीच बेरीज ०.९४ येते.

जाता जाता, निम्म्या-निम्म्या घड्याळाचा हा प्रश्न आमच्यापुरता नाही. फास्ट मोडमध्ये खालचा काळ किमान १.३ मायक्रोसेकंद हवा, आणि ४०० किलोहर्ट्झचे समान दोन भाग केले तर तो भरतच नाही. आय.एमएक्स ६ कुळातील प्रोसेसरांच्या प्रकाशित शुद्धिपत्रात ई-७८०५ या क्रमांकाखाली नेमकी हीच नोंद आहे आणि लिनक्समधील त्यांचा ड्रायव्हर त्यासाठी वेग ३८४ किलोहर्ट्झवर अडवतो. आमचा प्रोसेसर त्या कुळातला नव्हता, पण ती नोंद वाचलेली असल्यानेच मी खालचा काळ वेगळा मोजला.

आता लक्षणे जुळवता आली. तार वेळेत वर चढत नाही म्हणजे एकाचे शून्य वाचले जाते, शून्याचे एक कधीच नाही. म्हणून चुकीचे तापमान नेहमी खऱ्यापेक्षा कमीच असे. शिवाय आधीचा बिटही एक असेल तर तार आधीच वर असते, त्यामुळे फटका शून्यानंतर येणाऱ्या पहिल्या एकालाच बसतो. या सेन्सरचा पहिला बाइट पूर्ण अंश सांगतो. ४.५ अंशांसाठी तो ००००-०१०० असा असतो. त्यातील एकुलता एक एक हरवला की उरतात ०.५ अंश. ६ अंशांसाठी तो ००००-०११० असतो, त्यातला पहिला एक हरवला तर उरतात २ अंश, आणि इशारा २ च्या खाली गेल्यावरच वाजतो. थर्मोस्टॅट वाढवल्यावर चुका थांबल्या नव्हत्या, त्या सीमेच्या आत पडू लागल्या होत्या.

कर्नलच्या नोंदी स्वच्छ का होत्या, हेही उलगडले. पोचपावती म्हणजे तार खाली खेचणे, आणि खाली खेचण्याचे काम या बसवर नेहमीच झपाट्याने होते. डिस्प्लेला कधी बाधा झाली नाही, कारण तेथे डेटा प्रोसेसर पाठवतो आणि तो घड्याळ खाली येताच लगेच बदलतो. सेन्सरचा तो अर्धा मायक्रोसेकंद त्या हिशेबात नाही. मधली किंमत धरणारा गाळणाही यामुळेच फसला : तीनही वाचनांत तापमान तेच, म्हणून बिट तेच, म्हणून चुकण्याची जागाही तीच.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय रेझिस्टर बदलण्याचा होता. १.८ किलोओहमचे बसवले तर १८० पिकोफॅरडवर चढण्याचा वेळ २७४ नॅनोसेकंदांवर येतो आणि ४०० किलोहर्ट्झ नियमात बसते. तार खाली खेचणाऱ्या चिपेला १.६ मिलिअँपिअर सोसावे लागतात, आणि मानकाप्रमाणे तिने ३ सोसायला हवेत. कागदावर हा उपाय देखणा होता आणि हार्डवेअर विभागाचा कल त्याच्याकडे होता. पण चाळीस ठिकाणी जाऊन सोल्डरचा डाग देण्याचे काम करावे लागले असते, आणि एखाद्या वितरकाने तीन मीटरची केबल लावली की २४० पिकोफॅरडवर तोच वेळ ३६६ होऊन आम्ही पुन्हा नियमाबाहेर गेलो असतो. ग्राहक केबल लांबवतात, हे उत्पादन विभागातील मॅडमनी अनुभवावरून निक्षून सांगितले.

दुसरा पर्याय मधला वेग घेण्याचा. २०० लिहिले तर २०० मिळतेच असे नाही. आमच्या नियंत्रकाला २४ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ठरावीक आकड्यांनीच भागता येत होते, आणि २०० मागितल्यावर प्रत्यक्षात १८७.५ किलोहर्ट्झ मिळत होते. त्या वेगाला वाचने बिनचूक येत होती. तरी १०० च्या वर गेलेली बस मानकाच्या दृष्टीने फास्ट मोडचीच, आणि तेथे ३०० नॅनोसेकंदांची अट मोडलेलीच राहते. चालते म्हणून सोडून देण्याची चूक एकदा झालेली असल्याने हा पर्याय लवकर बाद झाला.

फक्त पुश-पुल बिट मागे घेण्याचा तिसरा पर्याय सर्वांत मोहात पाडणारा होता. एक बिट फिरवला की दोष टेबलावर नाहीसा होत होता, वेगही ४०० च राहत होता. मी त्याला विरोध केला, कारण मग उपकरण दोन तारांच्या सारख्याच आळसाच्या भरवशावर उभे राहिले असते.

चौथा पर्याय १०० किलोहर्ट्झवर परतण्याचा. त्याला विक्री विभागाचा आक्षेप अपेक्षित होता आणि तो आलाच. तेव्हा कोणी तरी विचारले की पडद्यावर दर वेळी बदलते काय. बदलत होते ते फक्त तापमानाचे आकडे. ६४ रकाने आणि आठ-आठ ठिपके उंचीच्या दोन ओळी, म्हणजे १२८ बाइट. ड्रायव्हर मात्र प्रत्येक वेळी पूर्ण १०२४ बाइट पाठवत होता. तेवढाच भाग पाठवला तर १०० किलोहर्ट्झवरही साडेअकरा मिलिसेकंद लागतात, वाढीव वेगातील पूर्ण चित्राच्या निम्मे. डिस्प्लेला वेग नको होता, कमी डेटा हवा होता.

केलेली कृती

बस १०० किलोहर्ट्झवर आणली, एससीएल पुन्हा ओपन-ड्रेन केली, आणि डिस्प्लेच्या ड्रायव्हरमध्ये बदललेला भागच पाठवण्याची सोय केली. तीनही बदल सॉफ्टवेअरचे असल्याने ते दुरूनच पाठवता आले. मधल्या किमतीचा गाळणा मी काढून टाकायला लावला, कारण तो राहिला असता तर पुढचा दोषही तसाच झाकला गेला असता. केबल तीन मीटरहून लांब नको, असे बसवणाऱ्यांच्या सूचनापत्रात लिहिले. तीन मीटरला चढण्याचा वेळ ९५६ नॅनोसेकंद येतो, चार मीटरला ११९५. थर्मोस्टॅट वाढवलेल्या वितरकाला त्याच दिवशी फोन करून तो ४ वर आणण्यास सांगितले. खरे तर हे काम सर्वांत आधी, कारण सापडण्याचीही वाट न पाहता, व्हायला हवे होते.

जुन्या नोंदींचे काय करायचे, यावर बरीच चर्चा झाली. खोट्या नोंदी पुसाव्यात, असे एक मत होते. औषधांच्या साठ्याची नोंद पुसणे मला पटले नाही. शेवटी शेजारच्या दोन नोंदींपेक्षा नेमके ४, २, १ किंवा अर्ध्या अंशाने खाली गेलेले एकेकटे आकडे शोधून त्यांच्यापुढे ‘संशयित’ अशी खूण केली, आकडे मूळ ठेवले. मात्र कक्ष खरोखर अर्ध्या अंशाने थंड झाल्याची एखादी खरी नोंद त्यात खुणावली गेली असेल, ही शक्यता उरतेच.

परिणाम

बहुतेक ठिकाणी खोटे इशारे थांबले. दोन ठिकाणांहून मात्र इशारे येत राहिले. त्यांतील एका ठिकाणी साडेचार मीटरची केबल सापडली. दुसऱ्या ठिकाणी केबल, वेग, तारेची चढण सारेच नियमात होते, आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास उपकरण १.५ अंश सांगत होते. तेथे काचेचा थर्मामीटर ठेवून रात्रभर थांबल्यावर कळले की कक्ष पहाटे खरोखरच तेवढा थंड होतो. त्या गोदामातील रखवालदाराने भोंग्याच्या तोंडात कापडाचा बोळा घालून ठेवला होता.

वेगळे काय करता आले असते

वेगाचा बदल सॉफ्टवेअरच्या दोघांनीच तपासला होता, ज्यांनी ४.७ किलोओहम निवडले, त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. आता या कंपनीत डिव्हाइस ट्रीतील क्लॉक-फ्रिक्वेन्सी बदलायची असेल तर रेझिस्टर, अंदाजे कपॅसिटन्स आणि चढण्याचा वेळ हे तीन आकडे नोंदीत लिहावे लागतात व हार्डवेअर विभागाची सही लागते. पिनची मांडणी बदलणाऱ्या ओळींना अजून हा नियम नाही. तो असावा, असे मी सुचवले होते.

माझ्या स्वतःच्या कामातही उणीव राहिली. चुका नेहमी कमी बाजूलाच का होतात, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. वितरकांनी पाठवलेले पन्नास आकडे बिटांच्या रूपात कागदावर मांडले असते, तर प्रोबची वाट पाहावी लागली नसती. तसेच ज्या सेन्सरच्या उत्तरात सीआरसी (डेटा वाटेत बिघडला का, हे ओळखणारा तपास-आकडा) नाही, तो केबलच्या टोकाला लावणे ही मूळ आराखड्यातील निवड होती. नव्या बोर्डावर सीआरसी देणारा सेन्सर १०० किलोहर्ट्झच्या स्वतंत्र बसवर घेतला आहे, आणि डिस्प्ले दुसऱ्या, बोर्डाबाहेर न जाणाऱ्या बसवर २.२ किलोओहमच्या रेझिस्टरांसह ४०० वर चालतो. टेबलावरची तीस सेंटिमीटरची केबल काढून तेथे तीन मीटरचे वेटोळे ठेवले आहे.